खोडदच्या तबकड्यांना ऐकू न येणारा रेणू : ध्रुवीयतेच्या शोधाची कहाणी

१.
विश्वात सर्वाधिक संख्येने आढळणारा रेणू हायड्रोजनचा आहे. दोन अणू आणि त्यांना जोडणारा एक बंध, एवढीच त्याची रचना. तारे जन्माला येतात ते याच वायूच्या थंड ढगांतून. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, बेल्ह्याच्या पंचक्रोशीपासून फार दूर नसलेल्या खोडद येथे जगातील एक मोठी रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिला अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकू येतात, परंतु हा रेणू ऐकू येत नाही. दोष दुर्बिणीचा नाही. रेणूच मुका आहे. तो मुका का आणि त्याचे काही भाईबंद बोलके का, या प्रश्नामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२.
आरंभ आकाशातून नको, बाजारातून करू. बेल्हे हे कल्याण–नगर मार्गावरील बाजाराचे गाव. तेथील सोमवारचा बैलबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाट आहे. कोकणातील बंदरे आणि घाटावरील जुन्नर यांना जोडणारी ही वाट सातवाहनकाळापासून वाहती होती. कोकणातून घाटावर येणाऱ्या मालात एक वस्तू अशी होती, जिच्यावाचून कोणत्याही घरातील चूल चालत नसे. ती वस्तू म्हणजे मीठ.

३.
मिठाचा खडा पाण्यात टाकला की विरघळतो. गोडेतेलात टाकला तर तळाशी तसाच बसून राहतो. ही गोष्ट प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. मिठात सोडिअमचे धनभारित आणि क्लोरीनचे ऋणभारित आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. ही पकड सोडवायची तर विद्युत बलानेच सोडवावी लागते. पाण्याच्या रेणूला ते बल आहे, तेलाच्या रेणूला जवळजवळ नाही. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित ऋण आणि दुसरे किंचित धन असते. ऋण टोके सोडिअमभोवती जमतात, धन टोके क्लोरीनभोवती, आणि खडा आतून उसवत जातो. ज्या रेणूला अशी दोन विरुद्ध टोके असतात, तो ध्रुवीय रेणू.

४.
आज हे चार ओळींत सांगता येते. एकोणिसाव्या शतकात मात्र ते कोणालाच ठाऊक नव्हते. १८३७ मध्ये मायकेल फॅरडे याने दाखवले की विद्युतभार साठवणाऱ्या दोन धातूच्या पृष्ठांमध्ये काच, गंधक किंवा लाख असा विद्युतरोधक पदार्थ ठेवला तर साठवणीची क्षमता वाढते. म्हणजे ज्यातून वीज वाहत नाही तो पदार्थही विजेला प्रतिसाद देतो. ही वाढ किती पट होते, ते सांगणाऱ्या अंकाला विद्युत अपारकता स्थिरांक म्हणतात. पुढे मोसोट्टी आणि क्लाउझियस यांनी पदार्थातील कणांच्या आधारे या अंकाचे गणित बांधले.

५.
हे गणित पाण्यापाशी येऊन अडखळले. मॅक्सवेलच्या सिद्धांतानुसार हा स्थिरांक आणि पदार्थाचा प्रकाशीय अपवर्तनांक यांत सरळ नाते असावयास हवे : अपवर्तनांकाचा वर्ग म्हणजे स्थिरांक. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्याचा वर्ग सुमारे १.८. प्रत्यक्षात स्थिर विद्युतक्षेत्रात पाण्याचा स्थिरांक निघतो सुमारे ८०. फरक थोडाथोडका नव्हे, चाळीसपटींहून अधिक होता. शिवाय पाणी तापवले की हा अंक घटतो. बेंझिनसारख्या द्रवांत मात्र असे काही घडत नव्हते. पाण्यात असे काय होते, जे बेंझिनमध्ये नव्हते?

६.
उत्तर १९१२ मध्ये आले. पीटर डिबाय हा मास्ट्रिख्ट येथे जन्मलेला डच शास्त्रज्ञ तेव्हा झुरिक येथे अध्यापन करीत होता, वय २७. चुंबकीय पदार्थांसाठी पॉल लॉंजव्हँ याने १९०५ मध्ये एक सिद्धांत मांडला होता. डिबायने तोच विचार विजेकडे वळवला. त्याचे म्हणणे असे : काही रेणूंमध्ये धन आणि ऋण भारांची केंद्रे मुळातच वेगळ्या जागी असतात. बाहेरून विद्युतक्षेत्र लावले नसतानाही असे रेणू द्विध्रुव असतात.

७.
गव्हाणीत चारा टाकला की दावणीची जनावरे तिकडे तोंड करतात, तसे विद्युतक्षेत्र लावताच हे रेणू त्या दिशेने वळू पाहतात. पण उष्णतेमुळे रेणू सतत धडपडत असतात आणि ही शिस्त मोडत राहते. तापमान जितके अधिक, तितकी शिस्त कमी. म्हणूनच पाणी तापवले की स्थिरांक घटतो. प्रकाशलहरीत विद्युतक्षेत्राची दिशा इतक्या वेगाने पालटते की रेणूला वळायला सवडच मिळत नाही. म्हणून प्रकाशाला पाण्याचा अंक १.८ दिसतो आणि स्थिर क्षेत्राला ८०. एकाच कल्पनेने दोन्ही कोडी सुटली.

८.
त्याहून महत्त्वाचे म्हणजे डिबायने मोजमापाची वाट दाखवली. पदार्थाचा प्रतिसाद निरनिराळ्या तापमानांना मोजावा आणि तापमानाच्या व्यस्तांकासमोर त्याचा आलेख काढावा. रेषा आडवी आली तर रेणू अध्रुवीय. चढती आली तर ध्रुवीय, आणि चढावरून ध्रुवीयता किती तेही कळते. भाराचे मान गुणिले दोन केंद्रांमधील अंतर, या राशीला द्विध्रुव आघूर्ण म्हणतात. तिच्या एककाला पुढे डिबायचेच नाव मिळाले. पाण्याचे आघूर्ण १.८५ डिबाय आहे. १९२९ मध्ये त्याने ध्रुवीय रेणूंवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १९३६ मध्ये त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

९.
इतिहासाच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. डिबाय पुढे बर्लिनमध्ये मोठ्या पदांवर होता. जर्मन भौतिकशास्त्र संस्थेचा अध्यक्ष म्हणून डिसेंबर १९३८ मध्ये ज्यू सभासदांना राजीनामे देण्यास सांगणाऱ्या पत्रावर त्याची सही आहे. १९४० मध्ये तो जर्मनी सोडून अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला. २००६ मध्ये हा विषय पुन्हा उफाळला आणि उट्रेख्ट विद्यापीठाने आपल्या एका संस्थेला दिलेले त्याचे नाव काढून घेतले. तो संधिसाधू होता, अगतिक होता की आणखी काही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एककाचे नाव मात्र तेच राहिले.

१०.
आता मूळ प्रश्न : काही रेणू इतरांहून अधिक ध्रुवीय का? पहिले कारण अणूंच्या स्वभावात आहे. दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात तेव्हा वाटणी समान होतेच असे नाही. जोडी आपल्याकडे ओढण्याच्या क्षमतेला विद्युतऋणता म्हणतात. १९३२ मध्ये लायनस पॉलिंग याने तिची मोजपट्टी तयार केली. त्याची युक्ती सुंदर होती. दोन भिन्न अणूंमधील बंध हा त्या त्या अणूंच्या आपसांतील बंधांच्या सरासरीपेक्षा अधिक बळकट निघतो. हा अधिकपणा कोठून येतो? वाटणीतील विषमतेतून. म्हणजे बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेवरून ओढीचा अंदाज बांधता येतो.

११.
या पट्टीवर फ्लुओरीन सर्वांत वर, सुमारे ४.० वर आहे. ऑक्सिजन ३.४, क्लोरीन ३.२, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२. आता हायड्रोजन एकेका हॅलोजनशी जोडून पाहू. हायड्रोजन फ्लुओराइडचे आघूर्ण सुमारे १.८ डिबाय, क्लोराइडचे १.१, ब्रोमाइडचे ०.८, आयोडाइडचे ०.४. ओढीतील तफावत जसजशी कमी होते, तसतशी ध्रुवीयताही उतरते. नियम इतका स्वच्छ क्वचितच दिसतो.

१२.
एक हिशेब करून पाहण्याजोगा आहे. हायड्रोजन क्लोराइडमध्ये दोन अणूंमधील अंतर १.२७ अँगस्ट्रॉम असते. इलेक्ट्रॉन पूर्णपणे क्लोरीनकडे गेला असता तर आघूर्ण ६.१ डिबाय भरले असते. प्रत्यक्षात ते १.१ आहे. म्हणजे विद्युतभाराचे स्थलांतर सुमारे १८ टक्के. बंध ना पूर्ण देवाणघेवाणीचा, ना समसमान भागीदारीचा. त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. बहुतेक बंधांची स्थिती अशीच मधली असते, आणि द्विध्रुव आघूर्णामुळे ती अंकांत मांडता आली.

१३.
दुसरे कारण रेणूच्या आकारात आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील प्रत्येक बंध ध्रुवीय आहे. तरीही त्या रेणूचे आघूर्ण शून्य भरते. कारण तीनही अणू एका सरळ रेषेत असतात आणि दोन्ही बाजूंची ओढ रस्सीखेचीतील तुल्यबळ संघांप्रमाणे एकमेकींना निष्प्रभ करते. पाण्याचा रेणू मात्र मध्ये वाकलेला आहे. त्याचा कोन १०४.५ अंशांचा. तेथे दोन्ही ओढी एकाच बाजूस झुकतात आणि त्यांची बेरीज होते. रेणू डोळ्यांना दिसत नसताना तो सरळ आहे की वाकडा, हे केवळ विद्युतमापनावरून सांगता येऊ लागले. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

१४.
कार्बनभोवती क्लोरीनचे चार अणू सममितीने बसवले तर आघूर्ण शून्य. त्यांपैकी एकाच्या जागी हायड्रोजन आणला की क्लोरोफॉर्म तयार होते आणि आघूर्ण सुमारे १ डिबाय होते. डायक्लोरोएथिलीनच्या दोन रूपांत तर अणूही तेच आणि बंधही तेच. क्लोरीनचे दोन अणू एकाच बाजूस असले तर आघूर्ण १.९ डिबाय; समोरासमोरच्या बाजूंना असले तर शून्य. अणूंची यादी पाहून ध्रुवीयता ठरत नाही. कोण कोठे उभा आहे, हेही पाहावे लागते.

१५.
तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड या दोघांचा आकार सारखाच, तिपाईसारखा. फ्लुओरीनची ओढ प्रचंड, म्हणून दुसरा रेणू अधिक ध्रुवीय असावा असे वाटते. प्रत्यक्षात अमोनियाचे आघूर्ण १.४७ डिबाय आणि दुसऱ्याचे केवळ ०.२३. कारण नायट्रोजनच्या माथ्यावर, कोणत्याही बंधात न गुंतलेली, इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी असते. अमोनियात बंधांची ओढ आणि ही जोडी एकाच दिशेला काम करतात. दुसऱ्या रेणूत फ्लुओरीन खाली ओढतो आणि जोडी वर खेचते, त्यामुळे बरेचसे उणे होऊन जाते. ओढ, आकार आणि एकाकी जोड्या : या तिघांचा एकत्रित जमाखर्च म्हणजे रेणूची ध्रुवीयता.

१६.
आता आकाशाकडे वळू. ध्रुवीय रेणू स्वतःभोवती फिरू लागला की त्याची धन आणि ऋण टोके आळीपाळीने पुढे येतात. फिरता विद्युतभार म्हणजे कंप पावणारे विद्युतक्षेत्र, आणि त्यातून लहर बाहेर पडते. पुंजयामिकीनुसार रेणूला ठरावीक गतींनीच फिरता येते. म्हणून त्याच्या लहरींच्या वारंवारताही ठरावीक असतात, जणू प्रत्येकाची वेगळी सही. ज्याला दोन विरुद्ध टोके नाहीत, तो कितीही फिरला तरी बाहेर जवळजवळ काही पोहोचत नाही. ध्रुवीयता म्हणजे रेणूची वाचा, असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही.

१७.
ही वाचा प्रथम मोठ्या प्रमाणावर जाणवली ती युद्धात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत १.२५ सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार बनवण्याची खटपट चालली होती. जॉन व्हॅन व्लेक याने गणिताने इशारा दिला होता की हवेतील बाष्प या लहरी गिळेल, कारण पाण्याच्या रेणूची एक वारंवारता त्याच्याच शेजारी, १.३५ सेंटिमीटरला आहे. बेल प्रयोगशाळेत या रडारवर काम करणाऱ्या चार्ल्स टाउन्स यानेही ही शंका वरिष्ठांपुढे मांडली. यंत्र तयार झाले आणि दमट हवेत त्याचा पल्ला घटला. लष्कराची निराशा झाली. टाउन्सला मात्र आयुष्यभराचा विषय सापडला.

१८.
१९५४ मध्ये टाउन्सने सहकाऱ्यांसह अमोनियाच्या रेणूंवर चालणारा मेसर बनवला. लेसरचा तो पूर्वज. १९६४ मध्ये त्याला नोबेल मिळाले. १९६३ मध्ये अवकाशात हायड्रॉक्सिलच्या १८ सेंटिमीटरच्या रेषा सापडल्या होत्या. तरीही ताऱ्यांमधील विरळ अवकाशात मोठे रेणू टिकतील, यावर अनेक खगोलशास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. १९६८ मध्ये टाउन्सच्या गटाने आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने अमोनिया शोधला आणि पुढच्याच वर्षी पाणी. ज्या रेणूने रडारचा पल्ला तोडला होता, तोच आता ढगांचा पत्ता सांगू लागला.

१९.
१९७० हे वर्ष निर्णायक ठरले. जॉर्ज कॅरुथर्स याने रॉकेटवर ठेवलेल्या उपकरणाने अंतराळातील रेणुरूप हायड्रोजन प्रथमच ओळखला, पण तो अतिनील प्रकाशात, एका ताऱ्याच्या उजेडाच्या साहाय्याने. दाट, थंड ढगांत हा प्रकाश शिरत नाही. त्याच वर्षी विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांना २.६ मिलिमीटरला कार्बन मोनॉक्साइड सापडला. त्याचे आघूर्ण अवघे ०.११ डिबाय आहे, आणि तेही अपेक्षेच्या उलट दिशेने : कार्बनचे टोक किंचित ऋण. कार्बनची एकाकी जोडी ऑक्सिजनच्या ओढीवर मात करते. एवढीशी ध्रुवीयता त्याला बोलके करण्यास पुरेशी ठरली.

२०.
तेव्हापासून खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजनचा हिशेब कार्बन मोनॉक्साइडच्या मुखातून ऐकतात. ढगात हायड्रोजनच्या सुमारे दहा हजार रेणूंमागे कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू असतो. त्याची लहर मोजायची आणि गुणकाने हायड्रोजन काढायचा. पण ज्या दीर्घिकांत कार्बन आणि ऑक्सिजनच कमी आहेत, तेथे साक्षीदारच विरळ असतो आणि हायड्रोजनचा अंदाज कमी निघतो.

२१.
इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अडचण ओळखीची वाटेल. नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञ, दक्षिणा, गायी, हत्ती, कार्षापणे यांची त्यात नोंद आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्यव्यापारी, कासार, बुरूड यांच्या श्रेणींची नावे आढळतात. ज्यांनी दान दिले आणि कोरून घेतले, ते बोलतात. घाट चढणाऱ्या बैलामागे चालणारा माणूस मात्र कोठेही लिहिलेला नाही. संख्येने तोच सर्वाधिक असणार. त्याच्याविषयी जे कळते ते इतरांच्या नोंदींतून, वाटेवरील पाण्याच्या टाक्यांतून. जे बोलके आहे तेवढेच विपुल होते, असे मानले की इतिहासही चुकतो आणि खगोलशास्त्रही.

२२.
आता खोडद. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ही दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ मध्यभागी आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, मिळून सुमारे २५ किलोमीटर विस्तारात. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून तारेच्या जाळीचा आहे, म्हणून वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात राहिले. लांब लहरींना ही छिद्रे जाणवत नाहीत. मिलिमीटर लांबीच्या लहरी मात्र आरपार निघून जातील. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची वाणी खोडदच्या कक्षेबाहेर आहे.

२३.
खोडदला प्रामुख्याने ऐकू येते ती अणुरूप हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा. ती विद्युत द्विध्रुवाची नव्हे, चुंबकीय स्वरूपाची आहे. एकट्या अणूतील इलेक्ट्रॉनाची फिरकी पालटते तेव्हा ती उमटते. दोन अणू जोडून रेणू झाले की ही वाचाही जाते. २०२० मध्ये आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील अणुरूप हायड्रोजन मोजला. तो वायू त्या काळच्या ताऱ्यांच्या निर्मितीला एक-दोन अब्ज वर्षेच पुरला असता. ताऱ्यांच्या जन्माचा वेग पुढे का मंदावला, याचे उत्तर त्यात आहे.

२४.
मग खोडदला रेणू मुळीच ऐकू येत नाहीत काय? येतात, एका वळणाने. हायड्रॉक्सिलचे आघूर्ण १.६७ डिबाय, चांगलाच ध्रुवीय. त्याच्या मुख्य रेषा १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झला आहेत, तर खोडदची मर्यादा सुमारे १४५० मेगाहर्ट्झपर्यंत. परंतु विश्व प्रसरण पावते आणि दूरच्या दीर्घिकेतून येणारी लहर वाटेत ताणली जाते. २००२ मध्ये काणेकर आणि चेंगलूर यांनी खोडदच्या निरीक्षणांतून दोन दूरस्थ दीर्घिकांतील हायड्रॉक्सिल प्रसिद्ध केला. एकीचा प्रकाश सुमारे ३ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला, दुसरीचा सुमारे ६ अब्ज. आपल्या आकाशगंगेत हायड्रॉक्सिल आणि दुसरा एक ध्रुवीय आयन यांच्या प्रमाणांत जे नाते दिसते, तेच तेथेही टिकून असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे मुक्या हायड्रोजनसाठी आणखी एक साक्षीदार मिळाला.

२५.
हे ऐकण्यासाठी शांतता लागते, आणि तिची किंमत स्थानिकांना मोजावी लागते. मोबाइल, वाहने, विजेची यंत्रे, सारेच रेडिओ लहरी सोडतात. म्हणून परिसरातील उद्योगांवर मर्यादा आहेत. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेची मूळ आखणी या भागातून होती. दुर्बिणीला अडथळा होईल या कारणाने ती बदलण्याचे ठरले आणि जुन्नर-आंबेगावातून विरोध उमटला. बाजारपेठांच्या या पट्ट्याला रेल्वे हवी, यात गैर काही नाही. दुर्बिणीला शांतता हवी, हेही खरे. दोन्ही मागण्या न्याय्य असताना निर्णय घेणे हे इतिहासातील सर्वांत अवघड प्रकरणांपैकी एक असते.

२६.
शेवट एका तारखेने. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमारास खोडद येथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांतील हजारो मुले तबकड्या पाहायला येतात. हा दिवस रामन परिणामाच्या १९२८ मधील शोधाचा आहे. रेणूवर प्रकाश टाकला असता परत येणाऱ्या प्रकाशाचा काही अंश वेगळ्या रंगाचा असतो, हा तो परिणाम. त्यासाठी रेणू ध्रुवीय असण्याची गरज नसते; प्रकाशाच्या क्षेत्रात त्याचा इलेक्ट्रॉनमेघ हलला म्हणजे पुरे. शोधानंतर वर्षभरात, १९२९ मध्ये, याच मार्गाने प्रयोगशाळेत हायड्रोजनच्या रेणूचे फिरणे मोजले गेले. दूरच्या थंड ढगांवर असा प्रकाश टाकणे शक्य नाही. पण प्रयोगशाळेत तरी तो रेणू बोलला होता. त्याला प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागला, इतकेच.